पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरची कोंबडी



सुट्टी लागली की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, “अगं, खोटंच तर आहे ते! गेममध्ये कुठं कोण मरतंय?” आणि दुसरं, “आपल्या जैनांच्या घरात असलं काही नकोच, बंद करून टाका.” पहिलं म्हणणारी विचार करत नाही आणि दुसरं म्हणणारी बघतच नाही. आज मला दोघींशीही भांडायचं आहे.

भांडणाचं कारण ‘स्लाईम रँचर’. मोनोमी पार्क या कंपनीचा हा गेम 2017 मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि आता आपल्याही मुलांच्या हातात आहे. बिअ‍ॅट्रिक्स नावाची एक मुलगी पृथ्वीपासून हजार प्रकाशवर्षं दूरच्या ग्रहावर जाते. तिथं जेलीच्या गोळ्यासारखे हसरे जीव उड्या मारत फिरतात, ते स्लाईम. हातातल्या पंपानं त्यांना ओढून घ्यायचं, कोंडवाड्यात ठेवायचं, खायला घालायचं. खाल्लं की ते ‘प्लॉर्ट’ नावाचा खडा टाकतात. तो बाजारात विकायचा आणि आलेल्या पैशांत वाडी वाढवायची, नवे प्रदेश शोधायचे. रक्ताचा थेंब नाही, आरडाओरडा नाही, रंग तर असे की डोळे निवावेत. सगळ्या कुटुंबानं खेळावा असा गेम म्हणून त्याचं नाव आहे.

पण काही स्लाईम मांसाहारी आहेत. मांजरीच्या कानांचा टॅबी स्लाईम कोंबडीच खातो. ती कोंबडी आपणच पाळायची, पिल्लं मोठी करायची आणि पंपानं उचलून त्याच्यापुढं टाकायची. क्षणात गिळंकृत. रक्त नाही, म्हणून पालक निर्धास्त.

आपल्या परंपरेनं हिंसा कधी रक्तावरून मोजली? पाठशाळेत यशोधर राजाची गोष्ट ऐकलेली असेलच. वाईट स्वप्न पडलं म्हणून आई बळी द्यायला सांगते. राजा जीव मारायला तयार होत नाही. मग तडजोड निघते, पिठाचा कोंबडा करून देवीपुढं कापायचा. तो कोंबडा खोटाच होता, रक्तही आलं नाही. तरी मायलेकांना मोर, कुत्रा, मासा, बकरा अशा योनींतून फिरावं लागलं आणि एका जन्मात तर कोंबड्याचंच शरीर मिळालं. सोमदेवसूरींनी 959 साली ‘यशस्तिलक’ लिहिलं ते हीच कथा घेऊन. हजार वर्षांहून जुन्या या कथेनं “खोटंच तर आहे” या वाक्याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलं आहे. पीठ दुखावलं नव्हतं, पण मारण्याचा संकल्प खरा होता.

म्हणून घरात नियम एकच, कोंबडी खायला घालायची नाही. यावर कुणी म्हणेल, मग गेम खेळायचाच कशाला? तर ऐका. गुलाबी स्लाईम काहीही खातो. रात्री चमकणारा फॉस्फर, मधाळ हनी, चकवा देणारा क्वांटम हे फळांवर राहतात. पडल (डबक्यातला) स्लाईम तर नुसत्या पाण्यावर जगतो, आणि भोवती गर्दी झाली की लाजून प्लॉर्ट द्यायचा थांबतो! भाज्यांकडे बघाल तर हसू येईल. गाजर, बीट, कांदा, पार्सनिप, आलं, ज्याला हात लावावा ते जमिनीखालचं. आमच्या सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, “या ग्रहावर चातुर्मास अवघड आहे.” मुलांनी ते मनावर घेतलं आणि फळांचीच वाडी केली. वाढायला वेळ लागतो, पैसे हळू येतात, पण वाडी उभी राहते. मोह समोर असताना तो बाजूला ठेवून पुढं जाणं, व्रत वेगळं काय असतं? गेम बंद करणारीनं मुलांची ही संधीच काढून घेतली.

आणि बंद करणारीचं लक्ष कोंबडीवरच अडकतं, कोंडवाड्याकडे जातच नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बांधून ठेवणं, मारहाण, अवयव छेदणं, ताकदीबाहेर ओझं लादणं आणि अन्नपाणी रोखणं. यात जीव घेण्याचं नावही नाही. स्लाईमला वेळेवर खायला मिळालं नाही की तो बेचैन होतो, कुंपणावरून उड्या मारतो. तेव्हा पैसे खर्चून भिंत उंच करता येते, वर जाळी टाकता येते. किंवा आधी त्याला खायला घालता येतं. गेम दोन्ही करू देतो. मूल कशाकडे वळतं ते बघा, तिथं तुम्हाला त्याचे संस्कार दिसतील.

हावेचंही तसंच. जादा प्लॉर्ट मिळावेत म्हणून दोन जातींची सरमिसळ करता येते. अशा मिश्र स्लाईमनं तिसऱ्याच जातीचा प्लॉर्ट खाल्ला की तो काळाकुट्ट ‘टार’ होतो आणि इतरांना गिळत सुटतो. लहान मुलं घाबरतात म्हणून टार नसलेला सोपा प्रकारही गेममध्ये आहे. अगदी चिमुकल्यांना तो ठीक. पण मला तर टार हाच या गेममधला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. आपल्या शास्त्रात हिंसेचं मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात सांगितलं आहे. इथं आवारात पडलेला एक प्लॉर्ट उचलायचा राहिला, तर अख्खा कोंडवाडा जातो. मुलाला प्रमाद याहून सोपा करून मला तरी सांगता येणार नाही.

राहिला तो अवघड प्रश्न. लेकीनं विचारलं, “आई, स्लाईमला कोंडून प्लॉर्ट घेणं चालत नसेल, तर गाईचं दूध?” पुष्कळ जणींना हाच प्रश्न नको असतो, म्हणून गेम नको असतो. मला तो हवा आहे. वासराला पोटभर मिळालं का, भाकड झाल्यावर ती गाय कुठं गेली, हे विचारल्याशिवाय चहात दूध ओतणारे आपण, पडद्यावरच्या कोंबडीवर कोणत्या तोंडानं बोलायचं? आमच्याकडे आता दूधवाल्या मामांना हे प्रश्न विचारले जातात. उत्तर पटलं नाही तर त्या दिवशी चहा कोरा.

तेव्हा मैत्रिणींनो, गेम हिसकावू नका आणि “खोटंच आहे” म्हणून पाठही फिरवू नका. शेजारी बसा. एकदा तुम्हीही खेळा. मुलाला विचारा, कुणाला कोंडलंस, त्याला वेळेवर खायला घातलंस का, आणि एवढे पैसे जमवून आता तुला काय हवंय? उत्तर द्यायला त्याला वेळ लागला तर लागू द्या. दहा मिनिटं गेम थांबली तर काही बिघडत नाही.