मालकी सर्व्हरची नव्हे, मजकुराची

ग्रंथालय, शाळा, छोटा प्रकाशक, मसाल्यांचा घरगुती उद्योग, कुणीही संकेतस्थळ काढायचं म्हटलं की जाणकार मंडळींचा सल्ला ठरलेला असतो: "विक्स, शॉपिफाय असल्या तयार सेवांच्या नादी लागू नका. स्वतःचा सर्व्हर घ्या, त्यावर वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर टाका. तरच ते तुमचं."

या सल्ल्यामागचं भय खोटं नाही. याहूने १९९९ मध्ये जिओसिटीज विकत घेतलं आणि २००९ मध्ये अमेरिकेतली ती सेवा गुंडाळली; हौशी लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेली पानं तिच्याबरोबर गेली. बिझनेस प्रोफाइलमधून फुकट मिळणारी संकेतस्थळं गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारं दुकान मर्जी फिरली की बंद होतं, हे मान्य. पण म्हणून स्वतःचा सर्व्हर हाच उपाय, हे कुठून आलं?

मुळात हा 'स्वतःचा' सर्व्हर बहुतेकदा कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये महिन्याच्या पैशांवर घेतलेला असतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. तिथल्या अनेक ग्राहकांकडे आपापल्या सर्व्हरचा पूर्ण ताबा होता. पण ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांच्या हाती नुसता पासवर्ड उरला.

दुसरा मुद्दा राखणीचा. जानेवारी २०१७ मध्ये वर्डप्रेसने ४.७.२ ही आवृत्ती आणून एक गंभीर भगदाड बुजवलं. त्यातून लॉगिनशिवाय कुणालाही दुसऱ्याचा लेख बदलता येत होता. ज्यांनी वेळेत अपडेट केलं नाही, त्यांची लाखो पानं पुढच्या काही दिवसांत विद्रूप झाली. अशी अपडेटं तालुक्याच्या ग्रंथालयात कोण करणार? अर्धवेळ लिपिक, की दिवाळीला गावी येणारा सचिवांचा पुतण्या? ज्याला राखण जमणार नाही, त्याला सर्व्हर घ्यायला लावणं म्हणजे स्वातंत्र्याच्या नावाखाली त्याच्या गळ्यात लोढणं बांधणं.

मग सगळं कंपनीवर सोपवून निश्चिंत व्हावं? तेही नाही. सोय विकणाऱ्या कंपन्या सगळ्या एका माळेचे मणी नाहीत. विक्सवर बांधलेलं संकेतस्थळ उचलून दुसऱ्या होस्टवर नेता येत नाही. स्क्वेअरस्पेस लेख आणि काही पानं वर्डप्रेसला वाचता येतील अशा फाइलमध्ये देतं, मांडणी मात्र मागेच राहते. शॉपिफाय मालाच्या आणि ग्राहकांच्या याद्या सीएसव्हीमध्ये उतरवून देतं. 'भाड्याचं घर की स्वतःचं' ही लाडकी उपमा इथेच फसते. भाडेकरू खोली सोडताना आपली भांडीकुंडी घेऊन जातोच. घरमालक भांडीही ठेवून घेणार असेल, तर भांडण भाड्याशी नाही, त्या अटीशी आहे.

मराठीने हा धडा एकदा गिरवला आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी संकेतस्थळं आपापल्या खास फॉन्टांत मजकूर चढवत. फॉन्ट गेला की उरली निरर्थक रोमन अक्षरं. सर्व्हर कुणाचाही असो, मजकूर कुलूपबंदच झाला.

म्हणून आग्रह धरायचाच तर तीन गोष्टींचा धरावा. डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर हवं. वेबसाइट बनवणाऱ्याच्या खात्यात नको. डोमेनही कायमचं मिळत नाही, एका वेळी फार तर १० वर्षांसाठी; पण होस्ट बदलला तरी पत्ता तोच राहतो आणि वाचक हरवत नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणि सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता यायला हवा. आणि त्याची एक प्रत तिसऱ्याच जागी, अधूनमधून उघडून पाहिलेली असावी.

छोट्या संस्थेला या तिन्ही गोष्टी साधायच्या तर देखभालीसकट मिळणारं वर्डप्रेस होस्टिंग पुरेसं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये प्लगिन-अपडेटं पुरवणाऱ्या वर्डप्रेस डॉट ऑर्गने डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीची वाट अडवली आणि तिच्या ग्राहकांची अपडेटं अडकली. म्हणजे इथेही भांडणं आहेतच. पण त्या ग्राहकांना आपल्या फायली आणि डेटाबेस घेऊन दुसऱ्या होस्टकडे जाण्याचा मार्ग मोकळा होता, कारण वर्डप्रेस मुक्त आहे. ज्यांच्याकडे पूर्णवेळ तंत्रज्ञ आहे, त्यांनी खुशाल स्वतःचा सर्व्हर चालवावा.

बाकीच्यांनी पैसे भरण्याआधी एकच विचारावं: उद्या आम्ही निघालो, तर काय काय बरोबर नेता येईल? उत्तर गोलमोल आलं, तर त्या कंपनीचा सर्व्हर कितीही चांगला असो, तिथे जाऊ नये.