कपाटातली फाईल आणि दारातलं पाणी

मैत्रिणींनो, मे महिना उतरणीला लागला की घराघरांत बेगमीची गडबड उडते. कुरडया-पापड डब्यात जातात, मसाला बरणीत बसतो, तुरीच्या डाळीला एरंडेल लागतं. वर्षाचा हिशेब बोटांवर मांडणाऱ्या आपण बायका, पण एक बेगमी अशी आहे की तिचं नाव निघालं की पदर झटकून मोकळ्या होतो. ‘ते सगळं हेच बघतात हो!’ ती बेगमी म्हणजे विमा.

अडचण अशी की विम्याचे पैसे मागायची वेळ येते तेव्हा ‘हे’ बघण्याच्या स्थितीत नसतात. कधी ते दवाखान्यात असतात, कधी नसतातच. मग कपाटातली ती फाईल आपल्यालाच उघडावी लागते, आणि तेव्हा ती वाचायला शिकणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. म्हणून आज ती आधीच उघडू या.

आधी पाण्याचंच बघू. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या बायकांना पुराविषयी वेगळं काय सांगायचं? २६ जुलै २००५ कुणी विसरलेलं नाही. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. जुलै २०२१ मध्ये उल्हास नदी पुन्हा बदलापुरात शिरली. हेंद्रेपाड्यातल्या, रमेशवाडीतल्या तळमजल्यावरच्या गृहिणीला फ्रीज, गाद्या, पिठाचे डबे वर कसे चढवायचे हे पाठ झालंय. पाणी ओसरलं की पंचनामा होतो, पण सरकारी मदत ही मदतच असते. तिच्यात नवा फ्रीज येत नाही.

घराचा विमा म्हणजे बंगलेवाल्यांचं काम, असं अजूनही अनेकींना वाटतं. तसं नाही. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी देणं विमा नियामकाने सामान्य विमा कंपन्यांना सक्तीचं केलं आहे. आग, भूकंप, वादळ, पूर हे सारं तिच्यात येतं. घराचा विमा उतरवला की त्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, पण १० लाखांच्या आत, घरातल्या सामानालाही आपोआप संरक्षण मिळतं. त्यासाठी वस्तूंची यादी द्यावी लागत नाही. दागिन्यांसाठी मात्र वेगळं सांगावं लागतं. भाड्याच्या घरात राहणारीलाही फक्त सामानाचा विमा घेता येतो. घराची किंमत लिहिताना बाजारभाव लिहू नका, ते पुन्हा बांधायला काय खर्च येईल तो लिहा. जागेची किंमत पाण्यात वाहून जात नाही, मग तिच्यावर हप्ता कशाला?

पूर आलाच तर आपला पहिला स्वभाव म्हणजे खराटा हातात घेणं. इथे जरा थांबा. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे, भिजलेल्या प्रत्येक वस्तूचे फोटो काढा. कंपनीला त्याच दिवशी कळवा. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत भिजलेला मिक्सरसुद्धा भंगारवाल्याला देऊ नका. आणि पाण्यात उभी असलेली स्कूटर किंवा गाडी सुरू करून बघू नका. पाणी आत गेलेलं इंजिन किल्ली फिरवल्याने बिघडलं, तर तो खर्च साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही.

आता जरा सोसायटीकडे वळू. आदर्श उपविधींमध्ये आग आणि भूकंप यांच्यासाठी इमारतीचा विमा उतरवायला सांगितलं आहे. तुमच्या सोसायटीने तो उतरवला आहे का, आणि त्यात पूर घेतला आहे का, हे वार्षिक सभेत उभं राहून विचारा. कुणीतरी म्हणेलच, ‘आम्ही चौथ्या मजल्यावर, आम्ही पुराचे पैसे का भरायचे?’ त्याला गच्चीची आठवण करून द्या. गच्ची गळते तेव्हा तळमजल्यावालीही दुरुस्तीचा वाटा देतेच की!

हा वाद फक्त आपल्या सोसायटीतला नाही. युरोपातल्या सरकारांना आणि विमा कंपन्यांना तोच पडला आहे. बदलापुरात पाणी शिरलं त्याच महिन्यात, जुलै २०२१ मध्ये, जर्मनीत आर नदीने गावंच्या गावं धुऊन नेली, आणि तिथल्याही अनेक घरांना पुराचा विमा नव्हता. नदीकाठच्या घराचा हप्ता परवडत नाही, म्हणून ज्याला सर्वांत जास्त गरज तोच उघड्यावर. फ्रान्सने यावर १९८२ साली एक तोडगा काढला. घराच्या प्रत्येक विम्यावर सर्वांकडून ठराविक जादा आकार घ्यायचा आणि नैसर्गिक आपत्तीत तो पैसा वापरायचा. ब्रिटनमध्येही २०१६ पासून पूरभागातल्या घरांसाठी सगळ्या कंपन्यांकडून वर्गणी गोळा होते. शेवटी आपल्या गच्चीचाच न्याय! आपल्याकडे अशी सोय होईल तेव्हा होईल. तोवर आपली सोसायटी आपल्या हातात आहे.

आता ती फाईल. यजमानांच्या आयुर्विम्याच्या पॉलिसीवर वारस म्हणून नेमलेलं, म्हणजे नॉमिनीचं, नाव कुणाचं आहे ते आज संध्याकाळी बघा. पुष्कळ पॉलिसी लग्नाआधीच्या असतात आणि त्यांवर सासूबाईंचं नाव असतं. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, मालक वारसच. पण २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैशाची मालकीही त्यांचीच होते. म्हणजे जुनं नाव तसंच राहिलं, तर त्या पैशावर सुनेचा आणि नातवंडांचा हक्क उरत नाही. यात सासूबाईंशी भांडायचं कारण नाही. त्यांचाही आधार गेलेला असतो. एकाहून अधिक नॉमिनी नेमून प्रत्येकीचा वाटा लिहिता येतो. दोघींचं नाव आलं की उद्या एका चुलीच्या दोन चुली व्हायचं एक कारण तरी टळेल.

उल्हासनगरात ज्यांचं दुकान आहे, अंबरनाथला ज्यांचा छोटा कारखाना आहे, त्यांच्या घरच्या बायकांनी आणखी एक जुना कायदा ध्यानात ठेवावा. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा तो कायदा १८७४ सालचा आहे, आणि त्याचं सहावं कलम आपल्याकडच्या हिंदू घरांना १९२३ पासून लागू आहे. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्यावर पॉलिसी घेताना ती या कायद्याखाली बायकोच्या आणि मुलांच्या नावे केली, तर तो पैसा त्यांचाच राहतो. धंदा बुडाला तरी सावकार किंवा बँक त्याला सहसा हात लावू शकत नाही. मात्र हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, मागाहून नाही. एजंट आपणहून सांगेल याची वाट बघू नका.

फॉर्म भरताना खरं लिहा. मधुमेह, रक्तदाब, पूर्वीचं ऑपरेशन, काहीही लपवू नका. ‘वहिनी, नाही लिहिलं तरी चालतं,’ असं एजंट भाऊजी म्हणतात, पण दावा नाकारला जातो तेव्हा भाऊजी फोन उचलत नाहीत. आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षं झाल्यावर फॉर्मवरून रद्द करता येत नाही, हे खरं. पण त्या तीन वर्षांत काही झालं तर? आरोग्यविम्यात २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी थांबायला लावण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. सलग पाच वर्षं हप्ते भरल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘तुम्ही आजार सांगितला नव्हता’ ही सबब चालत नाही.

स्वतःचा विमा? ‘मी कुठे कमावते?’ असं म्हणू नका. अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाला मोल आहे असं स्पष्ट सांगितलं आहे. बायका सरासरीने जास्त जगतात म्हणून आपल्याकडे आयुर्विम्याचा हप्ता त्यांना बहुधा कमी पडतो. युरोपात मात्र न्यायालयाच्या निकालामुळे २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या पॉलिसींत बाई-पुरुष भेद करता येत नाही. कुठलं योग्य यावर वाद घालता येईल, पण ज्या सवलतीचा फायदा आपल्याला आहे ती आपण घेतलीच नाही तर उपयोग काय?

रोज सकाळी लोकलच्या दारात लटकून जाणाऱ्या माणसाच्या घरी हे तर ठाऊक हवंच. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ काय झालं ते आपण सर्वांनी वाचलं. चालत्या गाडीतून अपघाताने पडून मृत्यू झाला तर रेल्वेकडून ८ लाखांची भरपाई मिळते. हा दर १ जानेवारी २०१७ पासूनचा आहे. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत करायचा असतो. रूळ ओलांडताना झालेल्या अपघाताला ही भरपाई नाही. म्हणून पासाची एक प्रत घरीही ठेवा. शिवाय बँकेतली वर्षाला २० रुपयांची सुरक्षा विमा योजना आहे. अपघाती मृत्यूला तिच्यात २ लाख मिळतात. पैसे मेअखेरीला खात्यातून कापले जातात, तेव्हा खात्यात तेवढी शिल्लक हवी.

आणि फसवणूक? ठेवीचं नूतनीकरण करायला गेलेल्या आजीबाईंच्या हाती पॉलिसी पडल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा : ‘पुढच्या वर्षी मला पुन्हा पैसे भरावे लागतील का?’ उत्तर ‘हो’ आलं तर ती ठेव नव्हे. तरीही पॉलिसी हातात पडलीच, तर २०२४ पासून ती मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. किरकोळ खर्च कापून पैसे परत मिळतात.

दावा नाकारला गेला तर रडत बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. आपल्या भागाच्या कार्यालयाचा पत्ता पॉलिसीच्या कागदांतच छापलेला असतो. विमा नियामकाचा तक्रारीचा क्रमांक १५५२५५ आहे. ग्राहक आयोगाचं दार तर उघडं आहेच.

तर या रविवारी एवढं करा. एका वहीच्या पानावर प्रत्येक पॉलिसीचा क्रमांक, कंपनीचं नाव, हप्त्याची तारीख आणि नॉमिनी लिहा. कागदांना प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवी कपाटाच्या तळाच्या खणातून काढून माळ्यावर ठेवा. पाणी आधी तळाच्याच खणात शिरतं. आणि वही कुठे आहे ते मोठ्या लेकीला सांगून ठेवा. तिलाही पुढे संसार करायचा आहे.