मापात पाप

व्यापारात भावावरून वाद होतो, मालावरून तक्रार होते. दोन्ही गोष्टी गिऱ्हाइकाला दिसतात आणि न पटल्यास ते दुसऱ्या दुकानाची पायरी चढते. मापातले पाप मात्र आपल्या वाडवडिलांनी अक्षम्य मानले, कारण आपण नागवले गेलो हे तेथे गिऱ्हाइकाला कळतच नाही. म्हणूनच आजही दुकानातील काटा ठरावीक मुदतीने वैध मापनशास्त्र विभागाकडून पडताळून घ्यावा लागतो. आपल्या घरातील लहानथोर ज्या समाजमाध्यमांच्या बाजारात रोज वावरतात, तेथील काटा कोण तपासतो?

हा काटा काही वर्षांपूर्वी अचानक उघड झाला. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी बाहेर आणलेल्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे ऑक्टोबर २०२१ मध्ये वृत्तपत्रांनी पुढील हकीकत प्रसिद्ध केली. कोणता मजकूर कोणापुढे आधी ठेवायचा हे ठरविताना २०१७ पासून कंपनी साध्या ‘लाइक’ला एक गुण देई, तर प्रेम, हसू, संताप अशा भावचिन्हांना प्रत्येकी पाच. म्हणजे एका माणसाला आवडलेल्या मजकुरापेक्षा एका माणसाला चिडविणारा मजकूर पाचपट वजनदार ठरे. संतापाचे चिन्ह मिळविणाऱ्या मजकुरात खोट्या व हीन दर्जाच्या बातम्यांचे प्रमाण अधिक असते, हे कंपनीच्याच अभ्यासकांना २०१९ मध्ये दिसून आले. तरी त्या चिन्हाचे वजन शून्यावर यायला सप्टेंबर २०२० उजाडला. त्यानंतर लोकांपुढे येणारी चुकीची माहिती घटली, आणि वापर मात्र कमी झाला नाही.

कंपनीने हे असे का केले, हे व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको. २०२१ मध्ये तिच्या उत्पन्नापैकी ९७ टक्क्यांहून अधिक रक्कम जाहिरातींतून आली. नजर जितका वेळ खिळेल तितकी जाहिरात खपते, आणि संताप नजर खिळवितो. अशा कंपन्या आपण केवळ सर्वांना बोलण्याचे स्वातंत्र्य देतो असे सांगतात, तेव्हा ते अर्धेच खरे असते. चौकात उभे राहून बोलण्याची मुभा सर्वांना आहे. कर्णा कोणाच्या हाती द्यायचा हे मात्र त्यांचा काटा ठरवितो.

मग सरकारनेच हा मजकूर आवरावा, असे सहज सुचते. तो मार्गही आपण पाहिला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या पालघरमध्ये मुंबईच्या बंदविषयी फेसबुकवर एका तरुणीने प्रश्न उपस्थित केला आणि तिच्या मैत्रिणीने तो ‘लाइक’ केला. दोघींनाही अटक झाली. त्या प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ लावण्यात आले होते. त्यातील ‘त्रासदायक’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ यांसारखे शब्द इतके सैल होते की कोणतेही न आवडलेले वाक्य त्यांत बसविता येई. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

या दोन अनुभवांतून एक वाट निघते, आणि ती आपल्या पेठेला जुनीच आहे. काटा तपासायला येणारा अधिकारी दुकानात गूळ विकावा की साखर, हे सांगत नाही. तो वजन खरे आहे की नाही एवढेच पाहतो. शासनाने या कंपन्यांकडून नेमके हेच मागावे. कोणत्या गोष्टीला किती वजन दिले जाते, ते केव्हा व कशासाठी बदलले, हे त्यांनी उघड करावे आणि त्रयस्थांना तपासू द्यावे. कोणते मत खरे नि कोणते खोटे, याचा निवाडा मात्र ना कंपनीच्या हाती सोपवावा, ना पोलीस ठाण्याच्या.

तो निवाडा मग उरतो आपल्याकडे. आणि येथे दोष केवळ काट्यावर टाकता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. तशा अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. व्हॉट्सॲपवर निरोप गुण मोजून पुढे सरकत नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी माणूस बोटाने तो पाठवितो. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा जाहीर केली. मर्यादेने अफवेचा वेग मंदावतो. ती खरी की खोटी, हे मर्यादा सांगत नाही.

अनोळखी पेढीला दहा हजारांचा माल उधार देण्यापूर्वी आपण चार ठिकाणी चौकशी करतो. माणूस कोण, पूर्वीचा व्यवहार कसा, हमी कोणाची, हे विचारल्याशिवाय गाडी भरत नाही. तोच चोखंदळ व्यापारी सायंकाळी घरी येऊन, मूळ लेखकाचा पत्ता नसलेला निरोप साठ नातलगांच्या गटात क्षणात ढकलतो. मालाच्या उधारीत बुडाले तर आपलेच पैसे बुडतात. शब्दाच्या उधारीत दुसऱ्याचे घर बुडते. तेव्हा हे कोणी सांगितले, त्याला कसे कळले आणि मला राग आणून कोणाचा गल्ला भरतो आहे, हे तीन प्रश्न घरातल्या मुलांना हिशेबाइतक्याच काळजीने शिकवावेत. कंपन्यांचा काटा तपासला जाईल तेव्हा जाईल; आपल्या हातातला काटा आजच तपासता येतो.