शिवणीतली माया

‘हौशी’ हा शब्द आपल्याकडे जरा नाक मुरडूनच उच्चारला जातो. हौशी गायक म्हणजे ज्याचं गाणं नातेवाइकांनी सहन करायचं. हौशी पेटीवाला म्हणजे खरा वादक आला नाही तर ऐन वेळी बसवायचा. अशाच एका हौशी पेटीवाल्याच्या घरात मी वाढलो. त्यामुळे या शब्दाची बाजू मांडण्याचा थोडासा हक्क मला पोचतो, असं मी समजतो.

आमचे अण्णा मिरजेत शिंपीकाम करत. दिवाळी, लग्नसराई आणि शाळेच्या गणवेशांचा जून सोडला, तर रात्री आठला ते मशीनवर झाकण घालत आणि घरी येऊन पेटीचं झाकण काढत. आई म्हणायची, “तिसरं झाकण पातेल्यावरचं, ते मात्र आम्हीच काढायचं!” पण त्यांची पेटी सुरू झाल्याशिवाय तिचाही स्वयंपाक पुढे सरकत नसे. गुरुवारचं आणि एकादशीचं भजन त्यांनी कधी चुकवलं नाही. बिदागी म्हणजे नारळ आणि पानसुपारी.

गावही तसंच. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, 1937 साली गेले, आणि इथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. एके काळी शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी इथे सतारी-तंबोरे घडवायला घेतले. त्या वाद्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही कीर्ती थोरांची, यात शंका नाही. पण उरुसातल्या मैफलींत मागची सतरंजी कोण भरत होतं? शिंपी, सोनार, कारकून, रेल्वेतले फिटर. चुकलेला सूर ओळखणारी आणि चांगल्या जागेला मनापासून दाद देणारी ही माणसं नसती, तर थोरांनी गायचं कोणासमोर?

पेटीचंच उदाहरण घ्या. तिचे सूर ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असं म्हणून 1940 साली रेडिओनं तिला दाराबाहेर ठेवलं. ते दार किलकिलं व्हायला 1971 साल उजाडलं. रंगभूमीवर आणि मैफलीत ती राहिलीच. पण या तीस वर्षांत तिला घराघरांत जागती ठेवली ती देवळातल्या भजनी मंडळांनी आणि अण्णांसारख्या माणसांनी. त्यांना कोणी बंदी घालू शकत नव्हतं, कारण त्यांना कोणाकडून काही मिळवायचंच नव्हतं.

कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं जादा कापड दुमडून ठेवतात. शिंपी त्याला ‘माया’ म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवून ती सोडायची, सदरा आणखी दोन वर्षं चालतो. अण्णांची साथही तशीच असे. गाणाऱ्याचा श्वास अपुरा पडला तर सूर धरून ठेवायचा, तो भरारी घेऊ लागला की आपण मागे सरायचं. नवशिक्या पोराचा सूर घसरला, तर मान न हलवता पेटीवर त्याला खरा सूर दाखवायचा. चारचौघांत कुणाचं हसं होऊ द्यायचं नाही. घरात आम्हा भावंडांनाही त्यांनी याच मापानं वाढवलं.

2003 साली ते गेले. तेराव्याला मंडळानं भजन केलं, ते नुसत्या टाळ-मृदंगावर. मिटलेली पेटी तिच्या नेहमीच्या जागी ठेवली होती.

आज मुलं गाणं शिकत नाहीत असं कोण म्हणेल? क्लास भरलेले असतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशी पायरी चढत पोरं विशारदपर्यंत जातात, काही दूरदर्शन वाहिन्यांवरच्या स्पर्धांत चमकतात. परीक्षांना माझा विरोध नाही. खटकतं ते एवढंच, की प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि पेटी माळ्यावर जाते. ‘पुढे यातच काही करणार का?’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ आलं, की शिकणंच संपतं. जणू दोनच वाटा आहेत: व्यासपीठ, नाही तर मौन. मधली वाट, दिवसभर आपला धंदा करून रात्री घरच्यांसाठी वाजवण्याची, आपण बुजवत चाललो आहोत. कलावंत तर पुढेही निपजतील. उणीव भासेल ती अशा घरांची.

तुमच्याही माळ्यावर एखादी पेटी असेल. न वाजवलेल्या पेटीचा भाता उंदीर कुरतडतात, सूर बसतात. या रविवारी ती खाली काढा. चांगली वाजलीच पाहिजे, असं काही नाही.