बेंजोवाल्यांची बाजू

बेंजोपार्टीचे नाव काढले की आमच्या भिवंडीत दोन तट पडतात. एका तटातली माणसे खिडक्या लावून घेतात, दुसऱ्या तटातली रस्त्यावर येऊन नाचतात. अलीकडे एक तिसरा तट निघाला आहे आणि माझा खरा राग त्याच्यावर आहे. हा खिडकीत उभा राहून गालातल्या गालात हसतो, मोबाईलवर चित्रण करतो आणि ‘काय भन्नाट बेसूर आहे हो!’ असे लिहून चार मित्रांना धाडतो.

हा बेंजो म्हणजे अमेरिकेतला, चामडे मढवलेला बेंजो नव्हे. आपल्या पोरांच्या हाती असतो तो बुलबुलतरंग. मूळचा जपानी. नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी तो ‘ताइशोगोतो’ या नावाने तयार केला. लाकडी पेटीवर तारा आणि तारांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणांची रांग. डाव्या हाताने बटण दाबायचे, उजव्या हाताने तार छेडायची. गुरू नको, स्वरलिपी नको. मुंबईच्या गिरणगावातल्या नि आमच्या यंत्रमागाच्या गावातल्या मुलांना हे वाद्य आपलेसे वाटले यात नवल ते काय? मागावर बारा तासांची पाळी काढून आलेल्या मुलाला यमन घोटायला सवड कुठून मिळणार? तो सिनेमातले गाणे कानाने उचलतो, ढोल, ताशा आणि खुळखुळा जमवतो आणि गणपतीत किंवा आगरी-कोळ्यांच्या हळदीत उभा राहतो. उन्हाने आणि मिरवणुकीतल्या धक्क्यांनी तार उतरते, सूर हलतो. तो हलतो हे मी नाकारीत नाही. कान मलाही आहेत.

शास्त्रीय संगीतवाल्यांचा आक्षेप याहून खोल आहे. बटणावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, स्वर ठोकळ्यासारखे पडतात. आक्षेप खराच आहे. पण हाच आक्षेप एके काळी बाजाच्या पेटीवर होता! परदेशी वाद्य, बांधलेले स्वर, मींड नाही, म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला दाराबाहेर काढले आणि १९७१ पर्यंत ती बाहेरच राहिली. ज्या पेटीवर गोविंदराव टेंब्यांनी महाराष्ट्राला वेड लावले होते, ती ही पेटी! आज तिच्यावाचून नाट्यगीत बसवून दाखवा म्हटले तर याच मंडळींची पंचाईत होईल.

खिडक्या लावणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी तुकोबांची गाथा असते. गोड गळा देवाने दिला नसला तरी विठ्ठलाचे त्यावाचून काही अडलेले नाही, जमेल तसे नाव घे, असे त्या गाथेत चक्क लिहिले आहे. बेंजोवर वाजते ते भजन नव्हे, हे मान्य. परंतु गळ्यावरून माणसाला दाराबाहेर ठेवू नये एवढे तरी त्यातून घेता येईल की नाही?

आता तिसऱ्या तटाकडे वळतो. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या फ्रीमॉन्ट या लहानशा गावी विगिन नावाच्या बहिणी होत्या. बापाने त्यांना शाळेतून काढले, हाती गिटारी नि ड्रम दिले आणि १९६९ साली ‘द शॅग्ज’ या नावाने त्यांची तबकडी काढवली. ताल एकीकडे, गाणे दुसरीकडे! गावच्या सभागृहात शनिवारी त्या वाजवीत तेव्हा पोरे टवाळी करीत. १९७५ साली बाप वारला आणि बहिणींनी वाद्ये खाली ठेवली. पुढे १९८० साली तीच तबकडी पुन्हा निघाली आणि शहरातल्या शौकिनांनी ती डोक्यावर घेतली. कोणी म्हणाले, इतके निर्मळ संगीत दुसरे नाही. कोणी म्हणाले, इतके वाईट दुसरे नाही. आणि काहींनी दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या. मला विचाराल तर गावच्या टवाळांपेक्षा हे शौकीन अधिक निष्ठुर. टवाळांना निदान मुलींनी नीट वाजवायला हवे होते. शौकिनांना त्या सुधारलेल्याच नको होत्या. सुधारल्या असत्या तर यांची गंमत संपली असती!

आमच्या खिडकीतल्या मित्राचे याहून काय निराळे आहे? रवी जाधव यांचा ‘बॅंजो’ हा हिंदी चित्रपट २०१६ साली आला, तेव्हा रितेश देशमुखच्या हातातला बेंजो याच मंडळींनी खुर्चीत बसून कौतुकाने पाहिला. गल्लीतला मुलगा मात्र यांच्या लेखी विनोद. त्याला ‘तुझी तार उतरली आहे, मिळवून घे’ असे सांगायला कोणी जिना उतरत नाही. मी मास्तर आहे. ज्या मुलाच्या वहीत मी लाल शाई वापरायची सोडली, त्याच्यावरची आशा मी सोडली असे त्याच्या आईबापांनी खुशाल समजावे.

‘मास्तर, पण आवाजाचे काय?’ असे कोणी विचारील. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा कायदा २००० सालापासून आहे. तो बेंजोलाही लागू आहे आणि तिथे मी वकिली करणार नाही. परंतु खिडक्यांची तावदाने हादरवणाऱ्या डीजेच्या भिंती भाड्याने आणणारी मंडळे जेव्हा बेंजोला गोंगाट म्हणतात, तेव्हा हसावे की रडावे ते कळत नाही. त्या भिंतीमागे वाजवणारा कोणी नसतोच. बेंजोमागे आपल्याच आळीतली आठ-दहा पोरे असतात आणि पाळी संपवून महिनाभर तालमी करून ती आलेली असतात.

म्हणून दिवाळी पहाट भरवणाऱ्या मंडळांना माझी एक सूचना आहे. नामवंत गायकाला मानाने बोलवा, त्याची बिदागी द्या. पण त्याच्या आधी अर्धा तास या पोरांना द्या, त्याच मंचावर, त्याच सतरंजीवर. आदल्या रात्री भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला त्यांच्याकडे पाठवा, म्हणजे पेटीची काळी एक धरून तो त्यांच्या तारा मिळवून देईल. एका चहाच्या खर्चात हे काम होईल.