राजधानी राष्ट्राची, मग नागरिक कोणाचे?

११ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी वॉशिंग्टन शहराचे पोलीसदल आपल्या ताब्यात घेतले आणि रस्त्यांवर नॅशनल गार्डचे सैनिक उभे केले. गुन्हेगारीमुळे शहरात आणीबाणीची परिस्थिती निर्माण झाली आहे, हे त्याचे कारण सांगण्यात आले. ते कितपत खरे, यावर पुष्कळ वाद झाला. शहराच्या पोलिसांचे आकडे तर हिंसक गुन्हे घटल्याचे सांगत होते. या वादाच्या गदारोळात मूळ प्रश्न मात्र झाकला गेला. लोकांनी निवडून दिलेल्या महापौरांकडून त्यांचे पोलीस अध्यक्षांच्या एका सहीने काढून घेता येतात, असे दुसरे शहर अमेरिकेच्या पन्नास राज्यांत नाही. १९७३ च्या ज्या कायद्याने वॉशिंग्टनला स्वराज्य मिळाले असे म्हटले जाते, त्याच कायद्याने अध्यक्षांना तीस दिवसांपुरता हा अधिकार देऊन ठेवला आहे. ते तीस दिवस १० सप्टेंबरला भरले. ते कलम मात्र जागच्या जागी राहिले.

अशा स्वराज्याचा अर्थ काय, हे समजण्यासाठी आधी काही आकडे लक्षात घेतले पाहिजेत. २०२० च्या जनगणनेनुसार वॉशिंग्टनची लोकसंख्या ६,८९,५४५ होती. वायोमिंग राज्याची ५,७६,८५१ आणि व्हरमाँटची ६,४३,०७७. या दोन्ही राज्यांना सेनेटमध्ये प्रत्येकी दोन आणि प्रतिनिधिगृहात प्रत्येकी एक जागा आहे. वॉशिंग्टनला सेनेटमध्ये जागाच नाही, आणि प्रतिनिधिगृहात जी आहे ती मताधिकाराविना आहे. शहराच्या प्रतिनिधीला भाषण करता येते, विधेयक मांडता येते, समितीत मतही देता येते. परंतु सभागृहात अंतिम मोजणी सुरू झाली की तिचे मत धरले जात नाही. प्वेर्तो रिकोच्या रहिवाशांनाही काँग्रेसमध्ये मत नाही, पण त्यांच्यातील बहुतेकांवर संघराज्याच्या प्राप्तिकराचा बोजाही नाही. वॉशिंग्टनकरांना ती सवलत नाही. ते पूर्ण कर भरतात आणि युद्धाच्या वेळी सक्तीची भरती झाली तेव्हा त्यांचेही तरुण आघाडीवर गेले. २००० सालापासून शहरातील मोटारींच्या पाट्यांवर ‘प्रतिनिधित्वाविना करआकारणी’ ही तक्रार छापलेली असते. ज्या घोषणेवर अमेरिकेने इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड केले, ती आज त्या देशाच्या राजधानीतील मोटारीच्या नंबराखाली लिहावी लागावी, हा इतिहासाचा विनोद म्हणावा तर तो फार कडवट आहे.

हा अन्याय कोणी ठरवून केला असे नाही. त्याचा उगम एका भीतीत आहे. जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फिया येथे काँग्रेसच्या बैठकीच्या इमारतीला वेढा घातला. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने आपली शिबंदी बोलावण्यास नकार दिला, आणि नवजात राष्ट्राच्या प्रतिनिधींना बाडबिस्तरा घेऊन प्रिन्स्टन गाठावे लागले. यजमान राज्याच्या मर्जीवर राष्ट्राचे सरकार अवलंबून राहू नये, हा धडा त्यांनी चार वर्षांनी घटनेत उतरवला: जास्तीत जास्त दहा मैल चौरस एवढ्या प्रदेशावर काँग्रेसचाच संपूर्ण अधिकार राहील. भीती रास्त होती आणि तोडगाही गैर नव्हता. त्या प्रदेशात राहणाऱ्या माणसांचे काय, याचे उत्तर मात्र घटनेत आले नाही. घटनेच्या समर्थनार्थ लिहिताना मॅडिसनने असे गृहीत धरले होते की, या रहिवाशांना स्थानिक कारभारासाठी आपले निर्वाचित मंडळ मिळेलच आणि त्यांच्यावर राज्य करणाऱ्या सरकारच्या निवडीतही त्यांचा आवाज असेल. १८०० साली सरकार पोटोमॅक नदीकाठी आले, तेव्हाही तेथील लोक मेरीलँड आणि व्हर्जिनियाचे मतदार म्हणून मत देतच होते. २७ फेब्रुवारी १८०१ च्या कायद्याने तो प्रदेश काँग्रेसच्या अधिकाराखाली आला आणि हे मत गेले.

पुढे १८४६ मध्ये नदीपलीकडचा अलेक्झांड्रियाचा भाग व्हर्जिनियाला परत देण्यात आला. तेथील गुलामांच्या व्यापाऱ्यांना राजधानीत गुलामीवर बंदी येईल ही धास्ती होती, हे त्यामागचे एक कारण. कारण काहीही असो, राजधानीची हद्द साध्या कायद्याने कमी करता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. ही गोष्ट पुढच्या विवेचनात उपयोगी पडणार आहे.

यादवी युद्धानंतर या प्रश्नाला वर्णाचे अंग आले. १८६७ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय पुरुषांना स्थानिक मताधिकार दिला. दहा वर्षेही लोटली नाहीत तोच, १८७४ मध्ये, शहराच्या दिवाळखोरीचे निमित्त होऊन गोऱ्या-काळ्या सर्वांचेच मत संपले आणि नेमलेल्या आयुक्तांचा कारभार सुरू झाला. हा कारभार सुमारे शतकभर चालला. तिजोरी रिकामी करणारे कारभारी बदलावेत हे समजू शकते. पण तिजोरी रिकामी झाली म्हणून मतदारच रद्द करण्याचा उपाय शिकागो किंवा न्यूयॉर्कला कोणी सुचवला नसता. १९५७ च्या सुमारास वॉशिंग्टन हे कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेले अमेरिकेतील पहिले मोठे शहर झाले. त्या काळात शहराचे भवितव्य ठरवणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या समितीचे अध्यक्षपद जवळजवळ सलगपणे जॉन मॅकमिलन यांच्याकडे होते. ते दक्षिण कॅरोलिनाचे आणि वर्णविभक्तीचे पुरस्कर्ते. वॉशिंग्टनच्या लाखो रहिवाशांना त्यांना पदावरून हटवण्याचा काहीच मार्ग नव्हता. १९७२ मध्ये त्यांच्याच मतदारसंघाने त्यांना पक्षांतर्गत निवडणुकीत पाडले आणि पुढच्याच वर्षी स्वराज्याचा कायदा संमत झाला. आपले महापौर निवडण्याचा हक्क या शहराला मिळाला त्याचे थोडे श्रेय अशा रीतीने दूरच्या दक्षिण कॅरोलिनातील काही हजार मतदारांना द्यावे लागते.

त्या आधी १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने वॉशिंग्टनला अध्यक्षीय निवडणुकीत मत मिळाले होते आणि १९६४ मध्ये ते प्रथम बजावले गेले. पण अध्यक्ष कायदे करत नाही. आणि १९७३ चे स्वराज्य हे दोरी बांधून दिलेले स्वराज्य आहे. नगर परिषदेचा प्रत्येक कायदा काँग्रेसपुढे ठेवावा लागतो. २०१४ मध्ये मतदारांनी गांजाविषयीचे निर्बंध शिथिल करण्याचा कौल दिला. त्याची विक्री नियमांखाली आणण्यास काँग्रेसने निधीच्या कायद्यात एक ओळ घालून मनाई केली. २०२३ मध्ये परिषदेने संमत केलेली फौजदारी संहिता काँग्रेसने रद्द केली, आणि राज्यपदाला पाठिंबा देणाऱ्या अध्यक्ष बायडेन यांनीच त्यावर सही केली. मार्च २०२५ मध्ये काँग्रेसच्या एका खर्चविषयक कायद्याने शहराला चालू वर्षाच्या मध्यावर आदल्या वर्षाच्या अंदाजपत्रकाकडे ढकलले. सुमारे एक अब्ज डॉलरचा हा फटका बहुतांशी शहरानेच गोळा केलेल्या करांतून करावयाच्या खर्चाला होता. ६ जानेवारी २०२१ रोजी संसदभवनावर जमाव चालून गेला तेव्हा शहराचे पोलीस मदतीला धावले. पण नॅशनल गार्डला हुकूम देण्याचा जो अधिकार राज्याच्या गव्हर्नरला असतो तो महापौरांना नव्हता. १७८३ मध्ये राज्य सरकारने राष्ट्राच्या प्रतिनिधींचे रक्षण केले नाही म्हणून ही सारी रचना उभी राहिली. २०२१ मध्ये ज्या स्थानिक सरकारने रक्षण करायचे म्हटले त्याचेच हात याच रचनेने बांधलेले होते.

असेच बंधन अनिवार्य असते तर जगातील इतर संघराज्यांनाही ते टाळता आले नसते. ब्राझीलच्या राजधानीचा प्रदेश आठ प्रतिनिधी आणि तीन सेनेटर निवडून देतो. बर्लिन स्वतःच एक राज्य आहे. मेक्सिकोने २०१६ मध्ये घटना बदलून आपल्या राजधानीला राज्यांच्या जवळपास नेऊन बसवले. कॅनबेराच्या मतदारांना ऑस्ट्रेलियाच्या दोन्ही सभागृहांत मत आहे. यांपैकी कोणत्याही सरकारला आपल्याच राजधानीतून पळ काढावा लागलेला नाही.

भारतीय वाचकाला यात सर्वांत जवळचे उदाहरण अर्थातच दिल्लीचे. १९४९ मध्ये घटना समितीत दिल्लीचा प्रश्न आला तेव्हा पट्टाभी सीतारामय्या समितीने विधिमंडळाची शिफारस केलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मात्र अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचा दाखला देऊन राजधानी स्थानिक प्रशासनाच्या हाती सोपवता येणार नाही, अशी भूमिका मांडली. म्हणजे वॉशिंग्टनचा नमुना आपल्याकडे उघडपणे आला. पण तो येताना त्यातील सर्वांत मोठा दोष गळून पडला. दिल्लीचा मतदार १९५२ च्या पहिल्या लोकसभेपासून खासदार निवडतो. आज लोकसभेत सात आणि राज्यसभेत तीन सदस्य दिल्लीचे आहेत. १९५६ मध्ये दिल्लीची विधानसभा गेली आणि १९९३ मध्ये परत आली. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन ही खाती केंद्राकडेच राहिली. अधिकाऱ्यांच्या नेमणुकांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी निकाल देताच आठ दिवसांत वटहुकूम आला. दिल्लीला पूर्ण राज्याचा दर्जा द्यावा असे विरोधात असताना कोणत्या पक्षाला वाटले नाही, आणि केंद्रात सत्तेवर असताना कोणत्या पक्षाने तो दिला, हा प्रश्न वेगळाच. तरीही दिल्लीच्या रहिवाशाला कितीही गाऱ्हाणी असली तरी देशाचा कायदा ठरताना त्याचा माणूस हात वर करू शकतो. वॉशिंग्टनकराला नेमके हेच नाही.

मराठी माणसाला तर ही युक्तिवादाची तऱ्हा परिचयाची वाटावी. शहर सर्वांचे आहे, म्हणून ते केंद्राकडे असावे, असेच १९५६ च्या जानेवारीत मुंबईविषयी सांगण्यात आले होते. मुंबई राष्ट्राची राजधानी नव्हती, त्यामुळे तुलना ताणू नये. परंतु ‘सर्वांचे’ या शब्दातून तेथे राहणाऱ्यांना तेवढे वगळायचे, ही त्यातील खुबी दोन्हीकडे एकच आहे.

वॉशिंग्टनच्या राज्यपदाला जे आक्षेप घेतले जातात त्यांतील काही विचारार्ह आहेत. राजधानी एका राज्याच्या पोटात असू नये, हा घटनाकारांचा हेतू पाळायलाच हवा. पण घटनेने कमाल क्षेत्र सांगितले, किमान सांगितलेले नाही. संसदभवन, व्हाइट हाउस, सर्वोच्च न्यायालय आणि स्मारके एवढाच पट्टा केंद्राकडे ठेवून उरलेल्या वस्तीचे राज्य करावे, असे नवे विधेयक म्हणते, आणि १८४६ चा दाखला त्याला अनुकूल आहे. तेविसावी दुरुस्ती मात्र खरी अडचण आहे. ती तशीच राहिली तर जवळजवळ निर्मनुष्य उरलेल्या पट्ट्यालाही अध्यक्षनिवडीची तीन मते राहतील. ती रद्द करण्याची तजवीज विधेयकात आहे, पण घटनादुरुस्तीला ३८ राज्ये लागतात. निवासी भाग मेरीलँडला जोडावा असा दुसरा पर्याय तर्काला बरा दिसतो. मात्र त्याला ना मेरीलँड उत्सुक आहे ना वॉशिंग्टन.

तथापि अडसर घटनेचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. २०२० मध्ये वॉशिंग्टनने सुमारे ९२ टक्के मते डेमोक्रॅटिक उमेदवाराला दिली. नवे राज्य म्हणजे त्या पक्षाचे दोन हमखास सेनेटर, हे दोन्ही पक्षांना ठाऊक आहे आणि दोघांच्याही तत्त्वनिष्ठेला या ज्ञानाचा मोठाच आधार आहे. असे हिशेब चुकतातही. १९५९ मध्ये अलास्का डेमोक्रॅटिक आणि हवाई रिपब्लिकन पक्षाला अनुकूल ठरेल असा अंदाज होता. पुढे नेमके उलटे झाले. १९७८ मध्ये दोन्ही पक्षांच्या मतांनी वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये पूर्ण प्रतिनिधित्व देणारी घटनादुरुस्ती संमत झाली होती, पण सात वर्षांच्या मुदतीत केवळ १६ राज्यांनी तिला मान्यता दिली. १९९३ मध्ये राज्यपदाचे विधेयक प्रतिनिधिगृहात १५३ विरुद्ध २७७ मतांनी पडले. २०१६ च्या नोव्हेंबरात शहरातील सुमारे ८६ टक्के मतदारांनी राज्यपदाच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर प्रतिनिधिगृहाने ते विधेयक २६ जून २०२० रोजी २३२ विरुद्ध १८० आणि २२ एप्रिल २०२१ रोजी २१६ विरुद्ध २०८ मतांनी संमत केले. सेनेटने दोन्ही वेळा ते मतास टाकले नाही.

ते विधेयक मांडणाऱ्या एलेनॉर होम्स नॉर्टन या १९९१ पासून वॉशिंग्टनच्या प्रतिनिधी म्हणून काँग्रेसमध्ये बसत आल्या होत्या. दोन्ही वेळा मोजणी झाली तेव्हा वायोमिंगचे मत धरले गेले, व्हरमाँटचे धरले गेले. नॉर्टन यांना आपल्याच विधेयकावर मत देता आले नाही.