अब्बांचा बिनदुधाचा चहा

आमच्या वडनेर भोलजीत चहा म्हणजे दूध, साखर, आलं आणि दहा मिनिटं उकळी. महामार्गावरच्या टपरीवर तोच, घरातही तोच. सासरे दिवसातून सहा कप घ्यायचे. गेल्या हिवाळ्यात शुगरचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी साखर तोडायला सांगितली. अब्बांनी भात सोडला, मिठाई सोडली. चहा मात्र सोडेनात.

मुंबईहून भाच्याने चीनच्या कीमून चहाचा डबा आणला. अनहुई प्रांतातल्या छिमन भागातला हा चहा. आपण त्याला काळा म्हणतो; चिनी लोक त्याला लाल चहा म्हणतात, पेल्यात उतरणाऱ्या रंगावरून. मी सवयीने पातेल्यात टाकून खळखळ उकळला. अब्बांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "बेटा, ये चाय है या काढ़ा?"

चूक माझीच होती. आपली दाणेदार पत्ती उकळ्यासाठी, दुधासाठीच बनलेली असते. ही पानं अख्खी, पिळलेली. जास्त उकळली की कडवट, तुरट होतात. दुसऱ्या दिवशी कपभर पाण्याला एक चमचा पत्ती घेतली. पाणी उकळून आच बंद केली, अर्धा मिनिट थांबले, मग पत्तीवर ओतून झाकण ठेवलं. तीन मिनिटांत गाळून घेतलं. रंग तांबूस, वास किंचित मनुकांसारखा, मागे हलकासा धूर. त्याच पत्तीवर पुन्हा गरम पाणी ओतलं, दोन मिनिटं जास्त ठेवलं, तर दुसरा कपही बरा निघाला.

चहा पारखणारे लोक म्हणे सुर्रर्र आवाज करूनच घोट घेतात, म्हणजे चव तोंडभर पसरते. अब्बा बशीतून असेच पितात आणि अम्मी आयुष्यभर त्यांना टोकत आल्या. आता अब्बांना सनद मिळाली!

मग त्यांनी कपाटातून 'गुबार-ए-खातिर' काढलं. मौलाना आझाद ऑगस्ट १९४२ मध्ये पकडले गेले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तिथून लिहिलेली पत्रं १९४६ मध्ये छापली गेली. पहाटे उठून मौलाना स्वतः चिनी चहा करायचे, बिनदुधाचा. चहात दूध घालण्याच्या रिवाजावर त्यांनी मजेदार राग काढलाय. त्यांचा चहा 'व्हाइट जॅस्मिन', आमच्या डब्यातला नव्हे. पण दुधाबद्दलचं त्यांचं म्हणणं आमच्या कपालाही लागू होतं.

अब्बा वाचता वाचता थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मौलाना साखर घालायचे."

"त्यांना शुगर नव्हती, अब्बा."

सध्या तह असा ठरलाय: फजरनंतरचा आणि असरचा कप कीमूनचा, बिनसाखरेचा. दुपारी अर्धा कप आपला नेहमीचा, अर्धा चमचा साखरेचा. बाकीचे तीन बंद. पुढच्या आठवड्यात रक्त तपासायला नांदुऱ्याला जायचंय, आणि डब्यात पत्ती बोटभरच उरली आहे.